५४ मते की ४१? करवाढीच्या बहुमताविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या काही राज्यांत कर वाढवायचा तर विधिमंडळात निम्म्याहून एक मत जास्त मिळून भागत नाही. कुठे तीन-पंचमांश, कुठे दोन-तृतीयांश, ओक्लाहोमात तर तीन-चतुर्थांश मते लागतात. ही अट काढून साधे बहुमत आणावे का, आणि आणायचे तर कसे, याविषयी कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओक्लाहोमा आणि पुण्याहून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : प्रॉप १३ म्हणजे घरपट्टीवरची मर्यादा, एवढेच आम्हाला माहीत होते. कर वाढवायला दोन-तृतीयांश मते लागतात तेही त्यामुळेच का? आणि बजेट तर हल्ली साध्या बहुमताने होते ना? (सनीव्हेल)

उत्तर : दोन्ही खरे. ‘प्रॉप’ म्हणजे प्रॉपोझिशन, मतदारांपुढे थेट ठेवलेला प्रस्ताव. ६ जून १९७८ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सुमारे ६५ टक्के मतांनी प्रॉप १३ संमत केले आणि राज्यघटनेत कलम १३-अ आले. त्याचे पहिले पोटकलम घरपट्टी १ टक्क्यावर बांधते. दुसरे पोटकलम मालकी बदलेपर्यंत घराचे करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढू देत नाही. घरमालकांच्या डोळ्यांपुढे होती ती ही दोन. तिसऱ्या पोटकलमाची भाषा निराळी आहे: राज्याचा कोणताही कर वाढवायचा तर दोन्ही सभागृहांच्या एकूण सदस्यांपैकी दोन-तृतीयांश हवेत.

असेंब्लीत, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, ८० सदस्य, म्हणून ५४ मते. सिनेटमध्ये ४०, म्हणून २७. साधे बहुमत असते तर ४१ आणि २१ पुरली असती. यातला ‘एकूण सदस्य’ हा शब्द महत्त्वाचा. जो आला नाही, जो आजारी आहे, ज्याची जागा रिकामी आहे, तो प्रत्येक जण विरोधातच मोजला जातो. सिनेटमधले १४ जण राजी नसले की करवाढ संपली, मग असेंब्लीत काहीही होवो.

बजेटची अट वेगळी आणि जुनी. १९३३ पासून खर्च ५ टक्क्यांहून जास्त वाढणाऱ्या बजेटला दोन-तृतीयांश मते लागत, १९६२ पासून प्रत्येक बजेटला लागू लागली. नोव्हेंबर २०१० मध्ये प्रॉप २५ ने ती अट काढली, आणि १५ जूनपर्यंत बजेट संमत झाले नाही तर सदस्यांचा पगार बंद, असेही ठरवले. करांना मात्र त्याने हात लावला नाही. म्हणून आज खर्च ठरवायला ४१ मते, आणि त्या खर्चासाठी नवा कर आणायला ५४.

प्रश्न : करवाढ अवघड असलेलीच बरी नाही का? सरकारच्या हाती खिशाची चावी इतकी सहज कशाला द्यायची? (फ्रीमाँट)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे आणि ही अट मागणाऱ्यांची भूमिकाही हीच होती. पण दोन-तृतीयांशाने करवाढ थांबते हे गृहीतच मुळात तपासायला हवे. थांबण्याऐवजी बहुतेक वेळा शेवटच्या मताला किंमत येते.

६ एप्रिल २०१७ चे उदाहरण घ्या. रस्तेदुरुस्तीसाठी पेट्रोलवर गॅलनमागे १२ सेंट वाढवणारे सिनेट बिल १ त्या दिवशी मताला आले. सिनेटमध्ये डेमोक्रॅट बरोबर २७, म्हणजे सगळे एकत्र राहिले तरच जमणार. त्यांच्यातले स्टीव्ह ग्लेझर विरोधात गेले. २७ वे मत रिपब्लिकन अँथनी कॅनेला यांचे मिळाले. त्यांच्या भागासाठी एस (ACE) ही प्रवासी रेल्वे मर्सेडपर्यंत नेण्याला ४० कोटी डॉलर आणि यूसी मर्सेड विद्यापीठाच्या रस्त्याला १० कोटी डॉलर सोबतच्या विधेयकात आले. असेंब्लीत मते पडली नेमकी ५४. त्या रेल्वेची गरज असेलही, आम्ही तिला वाईट म्हणत नाही. पण कर तर वाढलाच, वर आणखी खर्चही वाढला. २१ मते पुरली असती तर हा सौदा करायची गरजच नव्हती.

फेब्रुवारी २००९ मध्ये हेच याहून मोठ्या प्रमाणावर झाले. तुटवडा ४,००० कोटी डॉलरच्या घरात होता. सिनेटमधले अखेरचे मत रिपब्लिकन एबल माल्डोनाडो यांचे. त्यांनी मोबदल्यात प्राथमिक निवडणुकांची (मुख्य निवडणुकीआधी उमेदवार ठरवणाऱ्या) पद्धत बदलणारा प्रस्ताव मतपत्रिकेवर आणायला लावला आणि तो जून २०१० मध्ये प्रॉप १४ म्हणून संमतही झाला. तो प्रस्ताव बरा की वाईट हा वेगळा वाद, पण विक्रीकराशी त्याचा काय संबंध? इतके करूनही त्या उन्हाळ्यात पुन्हा कोंडी झाली. जुलै २००९ मध्ये राज्याने ठेकेदारांना आणि करपरताव्याच्या हक्कदारांना पैशांऐवजी ३.७५ टक्के व्याजाच्या वचनचिठ्ठ्या दिल्या.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. ही अट एकाच बाजूला चालते. करसवलत द्यायला ४१ मते पुरतात, तीच काढून घ्यायला ५४ लागतात. २००९ च्या त्या तडजोडीत अनेक राज्यांत धंदा करणाऱ्या कंपन्यांना एक सोय मिळाली: नफ्यातला किती भाग कॅलिफोर्नियाचा धरायचा, याची दोन सूत्रे, आणि कमी कर पडेल ते दरवर्षी निवडायची मुभा. राज्याला वर्षाला सुमारे १०० कोटी डॉलरचा फटका बसू लागला. ती सोय काढून घेण्याचे विधिमंडळातले प्रयत्न दोन-तृतीयांशापाशी अडले. अखेर नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रॉप ३९ आणून थेट मतदारांकडून ती बंद करून घ्यावी लागली. एकदा घुसलेली सवलत निघत नाही, आणि तिचा भार इतर करदात्यांवर पडतो.

प्रश्न : कर नको तर ‘फी’ म्हणून वसूल करता येत नाही का? (सॅन होजे)

उत्तर : पूर्वी येत असे. १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिशाच्या रंगामुळे मुलांना होणाऱ्या विषबाधेसाठी कंपन्यांवर लावलेली फी कर नाही, असा निकाल दिला आणि वाट मोकळी झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये प्रॉप २६ ने ती बऱ्याच अंशी बंद केली. त्याच दिवशी प्रॉप २५ ही संमत झाले, म्हणजे मतदारांनी एक दार उघडले आणि शेजारचे लावले.

प्रॉप २६ ची व्याख्या फार कडक आहे. एकाही करदात्याला पूर्वीपेक्षा जास्त कर पडत असेल तर दोन-तृतीयांश मते हवीत, मग राज्याच्या एकूण उत्पन्नात एका डॉलरची भर पडत नसली तरी. मार्च २०१० मध्ये साध्या बहुमताने पेट्रोलवरचा राज्याचा विक्रीकर काढून त्याच्या बदली अबकारी १७.३ सेंटनी वाढवली होती. प्रॉप २६ मागील तारखेने लागू झाल्यामुळे तोच कायदा मार्च २०११ मध्ये दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा संमत करावा लागला. करांची नुसती फेररचना करतानाही आता हीच अडचण येते.

प्रश्न : ही अट काढायची तर प्रत्यक्षात काय काय करावे लागेल? आमचा एक गट यावर काम करायचे म्हणतो आहे. (बर्कली)

उत्तर : अट घटनेत आहे, त्यामुळे साधा कायदा चालत नाही. घटनादुरुस्तीचे दोन रस्ते आहेत आणि दोन्हींच्या शेवटी राज्यभराच्या मतदानात निम्म्याहून जास्त मते लागतात.

पहिला रस्ता विधिमंडळाचा. ५४ आणि २७ मतांनी ठराव झाला की तो गव्हर्नरच्या सहीशिवाय मतपत्रिकेवर जातो. दोन-तृतीयांश काढण्यासाठीच दोन-तृतीयांश लागतात, म्हणून याच्या भरवशावर राहू नका.

दुसरा रस्ता सह्यांचा. मसुदा ॲटर्नी जनरलकडे (राज्याचे मुख्य कायदा अधिकारी) २,००० डॉलर अनामत भरून द्यायचा. ३० दिवस तो लोकांच्या सूचनांसाठी खुला असतो, त्या मुदतीत तुम्हाला दुरुस्ती करता येते. मग ॲटर्नी जनरल शंभर शब्दांच्या आत शीर्षक आणि सारांश लिहून देतात. तिथून १८० दिवस मोजले जातात. घटनादुरुस्तीला मागच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या मतांच्या ८ टक्के सह्या लागतात. २०२२ च्या निवडणुकीवरून तो आकडा ८,७४,६४१ आला. एक चतुर्थांश टप्प्यावर पोचलात की तसे लेखी कळवायचे, म्हणजे विधिमंडळात त्यावर सुनावणी होते. मतदानाच्या १३१ दिवस आधी प्रस्ताव पात्र ठरलेला असला पाहिजे. यात सह्या तपासायचा वेळही बसवावा लागतो, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर काही ठेवू नका.

मोहीम बुडते ती बहुधा तपासणीत. काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ३ टक्के किंवा ५००, यांपैकी जास्त असेल तितक्या सह्या नमुना म्हणून तपासतात. त्यावरून काढलेला वैध सह्यांचा अंदाज गरजेच्या ११० टक्क्यांवर गेला तर प्रस्ताव सरळ पात्र, ९५ टक्क्यांखाली गेला तर बाद, आणि मध्ये अडकला तर प्रत्येक सही तपासली जाते. दुबार सह्यांची भीती सर्वांत मोठी. नमुन्यात दुबार सही सापडली तर पूर्ण गठ्ठ्यात तशा किती असतील याचा हिशेब गुणाकाराने करतात. ३ टक्के नमुन्यात एक सही म्हणजे सुमारे ३३ सह्यांची प्रतिनिधी. ३३.३ ला ३२.३ ने गुणले की सुमारे १,०७६ येतात. म्हणजे एका माणसाने दोन ठिकाणी केलेली सही, नमुन्यात दोन्ही आल्या तर, हजारावर सह्या खाऊन जाते. म्हणून सह्या गोळा करणाऱ्यांनी प्रत्येकाला ‘आधी कुठे सही केली आहे का?’ हे विचारलेच पाहिजे. बाकीच्या चुका नेहमीच्या: नोंदणी नसलेला मतदार, घर बदलल्यावर नोंदणीतला पत्ता न बदललेला मतदार, एका काउंटीच्या कागदावर दुसऱ्या काउंटीच्या माणसाची सही. चौथा हिस्सा सह्या बाद होणार असे धरून चाला आणि ११० टक्क्यांच्या रेषेसाठी तेरा लाख गोळा करायची तयारी ठेवा.

प्रश्न : बर्कलीच्या एका प्राध्यापकांनी एका वाक्यात हा प्रश्न सोडवायचा प्रस्ताव आणला होता ना? मग तोच मसुदा पुन्हा का वापरू नये? (ओकलंड)

उत्तर : जॉर्ज लेकॉफ, भाषाशास्त्रज्ञ. २०१० च्या निवडणुकीसाठी त्यांनी आणलेला मसुदा इंग्रजीत चौदा शब्दांचा होता. आशय असा की महसूल आणि बजेटविषयीचे विधिमंडळाचे सर्व निर्णय बहुमताने व्हावेत. तो मतपत्रिकेपर्यंत पोचला नाही. लोकांना त्यांचे वाक्य पटत होते, पण सही करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येतो तो ॲटर्नी जनरलचा सारांश, आणि त्यात ‘कर वाढवण्यासाठीची मते दोन-तृतीयांशावरून साध्या बहुमतावर’ असे स्पष्ट येणारच. ते लपवण्याचा प्रयत्न करू नये. खरे तेच सांगून लोकांचे मत वळवायला हवे. मार्च २००४ मध्ये बजेट आणि कर दोन्ही ५५ टक्क्यांवर आणू पाहणारे प्रॉप ५६ जवळपास दोन-तृतीयांश मतदारांनी नाकारले होते, हे विसरून चालणार नाही.

एका वाक्याचा मसुदा आम्हाला कायद्याच्या अंगानेही अपुरा वाटतो. कलम १३-अ मधले तिसरे पोटकलम जागेवर राहिले आणि नवे वाक्य शेजारी येऊन बसले तर पहिला खटला दुसऱ्या दिवशी दाखल होईल. उलट ते पोटकलम सगळेच्या सगळे उडवणे आणखी धोक्याचे. राज्याने घरजमिनीच्या मूल्यावर किंवा खरेदी-विक्रीवर नवा कर लावू नये ही बंदी त्याच पोटकलमात आहे, आणि ती गेली तर प्रत्येक घरमालक विरोधात उभा राहील. तेव्हा मोजकेच शब्द बदलावेत: ‘दोन-तृतीयांश’च्या जागी ‘बहुमत’. बाकी अक्षरही हलवू नये.

आणि एक भर घालावी, असे आमचे ठाम मत आहे. सध्याच्या घटनेप्रमाणे कर बसवणारा कायदा लगेच लागू होतो आणि त्याच्यावर सार्वमत मागता येत नाही. आजवर दोन-तृतीयांशाचा अडसर होता म्हणून हे फारसे कुणाला खुपले नाही. तो काढताना, दोन-तृतीयांशाहून कमी मतांनी झालेल्या करकायद्यावर ९० दिवसांत ५ टक्के सह्यांनी सार्वमत मागण्याची मुभा द्यावी. याची किंमत आहे: सार्वमताचा अर्ज पात्र ठरला की कायदा मतदानापर्यंत थांबतो, आणि तोवर त्या करातला एक डॉलरही बजेटमध्ये धरता येणार नाही. तरी ही किंमत द्यावी. मग मूठभर आमदारांऐवजी मतदारांच्या हाती नकार राहतो.

प्रश्न : वॉशिंग्टनमध्ये अशी अट होती आणि कोर्टाने काढली असे ऐकले. आमच्या शेअरवरच्या ७ टक्के कराशी तिचा संबंध आहे का? (बेलेव्ह्यू)

उत्तर : सरळ संबंध आहे. वॉशिंग्टनमध्ये लोकांच्या सह्यांनी कायदा करता येतो, घटनादुरुस्ती करता येत नाही. १९९३ पासून २०१२ पर्यंत पुनःपुन्हा संमत झालेली तिथली दोन-तृतीयांशाची अट नुसत्या कायद्यातच होती. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की विधेयक किती मतांनी संमत होते हे घटनेने आधीच ठरवले आहे आणि कायदा त्यात भर घालू शकत नाही. कॅलिफोर्नियात अट घटनेत असल्यामुळे हा युक्तिवाद तिथे लागू पडत नाही.

२०२१ मध्ये अडीच लाख डॉलरवरच्या भांडवली नफ्यावर ७ टक्के कर आला तेव्हा सिनेटमध्ये मते पडली २५ विरुद्ध २४. जुनी अट असती तर ४९ पैकी ३३ लागली असती. ज्यांना हा कर नको होता त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे नेला आणि तो मोठ्या फरकाने पडला. साध्या बहुमताने विधिमंडळाने ठरवले, पुढे लोकांनी त्यावर आपले मत दिले. हा क्रम आम्हाला योग्य वाटतो.

प्रश्न : ओक्लाहोमात तीन-चतुर्थांशाने नेमके काय बिघडले? (टल्सा)

उत्तर : १९९२ पासून इथे महसुली विधेयकाला असेंब्लीच्या समकक्ष सभागृहात १०१ पैकी ७६ आणि सिनेटमध्ये ४८ पैकी ३६ मते लागतात, नाहीतर प्रश्न मतदारांकडे न्यावा लागतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये एका विधेयकाला ७१ मते पडली, विरोधात २७, आणि ते पडले. सत्तर टक्के सदस्य बाजूने असूनही! मार्च २०१८ मध्ये शिक्षकांचा संप दारात उभा राहिला तेव्हा सिगारेटवर पाकिटामागे १ डॉलर, पेट्रोलवर ३ सेंट असे कर संमत झाले. १९९२ नंतर विधिमंडळाने पहिल्यांदाच या अटीतून करवाढ पार केली. सिनेटमध्ये मते होती बरोबर ३६. सव्वीस वर्षे विधिमंडळात करवाढ पार झाली नाही, आणि शिक्षकांच्या पगारासाठी ती संप डोक्यावर आल्यावर घाईने करावी लागली.

प्रश्न : महाराष्ट्रात असे काही नाही का? (पुणे)

उत्तर : नाही. राज्याचा कर हा धनविधेयकाचा विषय आहे. ते विधानसभेतच मांडले जाते, विधान परिषद १४ दिवसांत फक्त शिफारशी करू शकते आणि विधानसभेवर त्या बंधनकारक नसतात. शिवाय इथे बहुमत हजर राहून मत देणाऱ्यांचे मोजतात, एकूण २८८ चे नव्हे. गणपूर्ती २९ ची. दहाव्या परिशिष्टामुळे पक्षादेश मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते. म्हणून सत्तारूढ पक्षाचा एखादा ग्लेझर इथे सहसा दिसत नाही.

विशेष बहुमत आपल्याकडे आहे ते जीएसटी परिषदेत. तिथे हजर सदस्यांच्या भारित मतांपैकी तीन-चतुर्थांश लागतात, आणि केंद्राचे वजन एक-तृतीयांश. केंद्र एकटे कोणताही निर्णय अडवू शकते. राज्यांपैकी सगळे हजर असताना अडवायला बारा जण एकत्र यावे लागतात. प्रत्यक्षात बहुतेक निर्णय एकमताने होतात. पहिले मतदान झाले ते डिसेंबर २०१९ मध्ये, लॉटरीवरच्या २८ टक्के दरासाठी. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिषदेच्या शिफारशी विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत असेही सांगितले आहे.

प्रश्न : साधे बहुमत आले तर आमची घरपट्टी वाढेल का? आम्ही दोघेही निवृत्त आहोत. (प्लेझंटन)

उत्तर : वर सांगितल्याप्रमाणे मोजकेच शब्द बदलले तर नाही. १ टक्क्याची मर्यादा पहिल्या पोटकलमात आहे आणि २ टक्क्यांची दुसऱ्यात. ती दोन्ही जशीच्या तशी राहतात, आणि आमदारांना ती साध्या बहुमतानेच काय, दोन-तृतीयांशानेही परस्पर बदलता येत नाहीत; त्यासाठी मतदारच लागतात. शहर किंवा काउंटी मांडते त्या खास करांसाठी मतदारांची दोन-तृतीयांश मते लागतात, ती अट चौथ्या पोटकलमात आणि १९९६ च्या प्रॉप २१८ मध्ये आहे, तिलाही धक्का लागत नाही. शाळांच्या बाँडचा (कर्जरोख्यांचा) जादा आकार तुमच्या घरपट्टीच्या बिलावर वेगळ्या ओळीत दिसतो. २००० सालापासून तो ५५ टक्के मतांनी लागू होऊ शकतो आणि विधिमंडळातल्या मतांशी त्याचा संबंध नाही. कुणी सही मागायला दारात आले तर कागदावरचा पूर्ण मसुदा मागून घ्या आणि तिसऱ्या पोटकलमाखेरीज आणखी कोणत्या कलमाला हात लावला आहे का, तेवढे पाहा.